एका सेमिस्टरपुरते परदेश

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले कॉलेजातून भेटायला येतात, तेव्हा हल्ली एक नवी बातमी कानावर येते. 'एक्स्चेंजला जायचा विचार आहे, सहा महिन्यांसाठी.' घरच्यांना त्यातले अर्धेच कळलेले असते. कुणाला वाटते मुलगी आता तिकडचीच झाली. कुणाला वाटते पदवी मिळणार नाही, नोकरी मिळणार नाही, मग एवढा खर्च कशाला? विश्वस्त मंडळापुढेही हा प्रश्न आहे, कारण आपल्या शिष्यवृत्ती निधीतून मदत मिळते ती परदेशातील पूर्ण पदवीलाच. हा नियम बदलावा, असे आम्हाला वाटते.

एक्स्चेंज म्हणजे अक्षरशः अदलाबदल. दोन विद्यापीठांत करार असतो. त्यांचे विद्यार्थी इकडे येतात, आपले तिकडे जातात. नाव आपल्याच विद्यापीठात राहते, फी इथेच भरायची, तिकडची शिक्षण फी सहसा माफ. युरोपात १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले होते. आता तिची कवाडे भारतीय विद्यार्थ्यांनाही खुली आहेत आणि निवड झाल्यास प्रवासखर्चाशिवाय महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो मिळतात. पण आपल्या विद्यापीठाचा तिकडच्या विद्यापीठाशी करार असेल तरच. घरबसल्या एकट्याने अर्ज करून हे होत नाही. तेव्हा पालकहो, एजंटाच्या कचेरीत जाण्याआधी मुलाच्या कॉलेजातल्या परदेश-संबंध विभागात जा.

आता खरी अडचण. जर्मनीचेच उदाहरण घेऊ. तिथले हिवाळी सत्र बहुतेक विद्यापीठांत १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, आणि तास साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. आपल्याकडे पहिले सत्र जून-जुलैत सुरू होऊन परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे मूल इथले सत्र अर्धवट टाकून जाते आणि परत येते तेव्हा दुसरे सत्र निम्मे उरकलेले! तिकडे एका सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात, पण ती इथल्या गुणपत्रिकेत कुठे बसवायची हे जाण्याआधीच ठरले पाहिजे. त्यासाठी 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' नावाचा कागद असतो. त्यावर विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठे सही करतात. व्हिसाइतकाच तो महत्त्वाचा. तो नीट केला नाही, तर परत आल्यावर 'हा विषय आमच्याकडे नाही' असे उत्तर मिळते आणि वर्ष वाया जाते. (जाता जाता: जर्मनीत १.० हे सर्वोत्तम गुण आणि ५.० म्हणजे नापास. मुलाला १.७ मिळाले तर रागावू नका, पेढे वाटा.)

मग एवढा खटाटोप कशासाठी? राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, रविवारी दुकाने बंद म्हणून शनिवारीच पीठ-भाजी आणून ठेवायची, व्याख्यान संपल्यावर टाळ्यांऐवजी बाकावर टकटक करायची, हे सगळे आठवड्याभरात अंगवळणी पडते. सेमिनार मात्र जड जातो. तिथे टिपणे घोकून भागत नाही. सर्वांसमोर बोलावे लागते, आणि प्राध्यापकांचे मत पटले नाही तर का नाही तेही सांगावे लागते. आपल्या हुशार मुलांना नेमके हेच कुणी शिकवलेले नसते. भाषेची भीती मात्र आम्हाला वाटत नाही. घरात मराठी, दारात गुजराती, बाजारात हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी अशी वाढलेली वडोदऱ्याची मुले पाचव्या भाषेला का घाबरतील?

पैशाचे स्पष्टच बोलू. जर्मन व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो खर्चाची तरतूद दाखवावी लागते, हा २०२४ पासूनचा आकडा आहे. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो झाले, तिकीट आणि विमा वेगळा. शिष्यवृत्ती नसेल तर नोकरदार घराला हे झेपत नाही, आणि मग ज्यांचे वडील भरू शकतात तीच मुले जातात. पूर्ण पदवीसाठी एकाला आपण जेवढी रक्कम देतो, तेवढ्यात चार-पाच मुलांच्या सेमिस्टरला हातभार लागेल. शिवाय ही मुले परत येतातच. त्यांची पदवी इथे असते.

या शहराला परदेशी शिक्षणासाठी पैसे देणे नवीन नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अट होती परत येऊन दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याची. ते १९१७ साली चाकरीसाठी इथे आलेही. पण अस्पृश्य म्हणून या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले, तिथूनही हुसकावले गेले. त्या अपमानाशी आजच्या कशाचीच बरोबरी होत नाही. तरीही शिष्यवृत्तीचा अभिमान सांगताना आपण ही दुसरी बाजू गाळतो, हे आम्हाला खटकते.

म्हणून आमची सूचना दुहेरी आहे. निधीच्या नियमात 'पूर्ण पदवी' पुढे 'किंवा एक सेमिस्टर' हे शब्द घालावेत, आणि सही झालेले लर्निंग अ‍ॅग्रीमेंट पाहूनच पहिला हप्ता द्यावा. आणि परतलेल्या मुलाला सत्कार-नारळ देऊन घरी पाठवू नये. अकरावी-बारावीच्या वर्गावर चार शनिवार त्याच्या हवाली करावेत. काय शिकवायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. वर्गाची वेळ आणि खडू-फळा आपण देऊ.