‘वडील याच शाळेत शिकले का?’

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात माझी एक मैत्रीण आयटी कंपनीत काम करते. मूळची लातूर जिल्ह्यातली, घराण्यातली पहिली इंजिनिअर. तिची डब्लिनला बदली झाली आहे आणि नुकतीच दहावी झालेली, पंधरा वर्षांची मुलगी तिच्यासोबत जाते आहे. गेले दोन रविवार आम्ही तिघी आयर्लंडमधली शाळा समजून घेत बसलो होतो.

कागदावर ती व्यवस्था अवघड नाही. साधारण बाराव्या वर्षी माध्यमिक शाळा सुरू होते. आधी तीन वर्षांचं ज्युनिअर सायकल, शेवटी दोन वर्षं लिव्हिंग सर्टिफिकेटचा अभ्यास. या दोन्हींच्या मध्ये ट्रान्झिशन इयर नावाचं एक वर्ष असतं. त्यात मोठी परीक्षा नसते, मुलं प्रकल्प करतात, कुठेतरी काम शिकतात. मैत्रिणीला ते वर्ष वाया जाईल असं वाटलं. आपल्या घरांत एक वर्ष म्हणजे किती पैसा, हे मला कळतं. तरी मी म्हटलं, घेऊ दे. नवख्या मुलीला रुळायला वेळ मिळेल. शिवाय तिथे कॉलेजची फी ठरवताना मागच्या पाचपैकी तीन वर्षं युरोपात वास्तव्य होतं का, हेही पाहतात. त्या एका वर्षामुळे हिची तीन वर्षं भरतात. (नागरिकत्वाच्या अटी वेगळ्या, त्या आधीच तपासाव्यात.)

खरी अडचण शाळा निवडताना आली. तिथल्या भारतीयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी सांगितलं, “त्या शाळेत घालू नका. ती डेश शाळा आहे. ट्रॅव्हलर लोकांची पोरं येतात तिथे.”

मुलीने विचारलं, “मावशी, ट्रॅव्हलर म्हणजे कोण गं?”

ट्रॅव्हलर हा आयर्लंडमधला परंपरेने भटका समाज. 2022च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे 33 हजार होती. रंगाने, धर्माने ते बाकीच्या आयरिश लोकांसारखेच. तरी त्यांना घर भाड्याने मिळणं कठीण, शाळेत वेगळी वागणूक. स्वतंत्र वांशिक समूह म्हणून त्यांना सरकारी मान्यता मिळाली ती 1 मार्च 2017 रोजी. आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मैत्रीण मात्र गप्प झाली होती. तिच्या वस्तीतल्या पोरांबद्दल गावात हेच वाक्य बोललं जायचं.

मग मी त्यांना क्लॉनमेल गावातल्या शाळेचा खटला सांगितला. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य, असा त्या शाळेचा नियम होता. एका ट्रॅव्हलर मुलाला प्रवेश मिळाला नाही. त्याचे वडील त्या शाळेत शिकले नव्हते. कसे शिकणार? त्या पिढीतल्या ट्रॅव्हलरांपैकी माध्यमिक शाळेपर्यंत पोचलेले थोडेच. 2010 मध्ये समता न्यायाधिकरणाने हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. वरच्या न्यायालयांत निकाल फिरला आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयातलं अपीलही फेटाळलं गेलं. पुढे 2018च्या प्रवेश कायद्याने माजी विद्यार्थ्यांच्या मुला-नातवंडांसाठी जास्तीत जास्त 25 टक्के जागा, अशी मर्यादा घातली. मर्यादा घातली, पण नियम मोडीत काढला नाही.

या नियमात कुठल्याही समाजाचं नाव नाही. म्हणूनच मला तो आपल्या ओळखीचा वाटतो. जो घरातला पहिला शिकणारा, तो या नियमाने आपोआप मागे पडतो. म्हैसूर संस्थानात हा प्रश्न नोकऱ्यांच्या बाबतीत उभा राहिला होता. नलवडी कृष्णराज वाडियार यांनी 1918 मध्ये लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कारण सरकारी पदांवर ब्राह्मणांचं वर्चस्व होतं. दिवाण विश्वेश्वरय्यांना हा मार्ग पटला नव्हता. आजही गुणवत्तेच्या गप्पा मारणारे लोक आजोबांच्या पदवीला गुणवत्तेतच धरतात.

आता डेश शाळेबद्दल. ‘डेश’ हा आयरिश शब्द, अर्थ संधी. उच्चार आपल्या ‘देश’च्या जवळ जातो, त्याची मुलीला फार गंमत वाटली. गरीब वस्त्यांतल्या शाळांना जादा शिक्षक आणि निधी देणारी ही सरकारी योजना 2005 पासून आहे. या माध्यमिक शाळांत पालकांच्या घरी जाऊन बोलणारा समन्वयक शिक्षक असतो. ज्या आईला तिथल्या शाळेचं काहीच ठाऊक नाही, तिला असा माणूस मिळणं हे कुठल्याही नावाजलेल्या शाळेच्या फलकापेक्षा मोलाचं आहे. तिथे सगळं आलबेल असेल असं मी म्हणत नाही. शाळेला गरिबीचा शिक्का बसतो, तो मुलांनाही चिकटतो. पण जे लोक टाळा म्हणून सांगतात, त्यांच्या सांगण्यावरून आपणही ट्रॅव्हलर पोरांपासून चार हात दूर राहायचं, हे मला मान्य नाही. जात आपण विमानातून उतरवून तिथे नेली, तर ती तिथे नवी माणसं शोधते.

मैत्रिणीने दोन अर्ज भरले. पहिला डेश शाळेचा. दुसऱ्या शाळेच्या अर्जात एक रकाना होता: पालक किंवा आजी-आजोबा या शाळेचे माजी विद्यार्थी आहेत का? आजीने शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही, असं मुलगी हसत म्हणाली आणि तिनेच ‘नाही’वर खूण केली. दोन्ही शाळांकडून अजून कळवलेलं नाही.