प्रशिक्षणाच्या यादीत आपलं नाव कोण घालतं?

सोलापुरातून सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला मुलाखतीला गेलेला आपला मुलगा रात्री परत येतो आणि एकच वाक्य सांगतो. "टेक्निकल चांगलं झालं, पण कम्युनिकेशन कमी पडतं म्हणाले." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मुलगा बोलायच्या आधीच मला ते ऐकू येतं. ज्यांना नोकरी लागली त्यांची गोष्टही फार वेगळी नाही. आठ-दहा वर्षं काम चोख करतात, पण टीम लीडर दुसराच होतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : लीडरशिप स्किल नाही.

यावर आपल्या चळवळीत दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला म्हणतो, हे सॉफ्ट स्किल वगैरे भांडवलदारांचं आणि ब्राह्मणी व्यवस्थेचं थोतांड आहे, त्याच्या नादी लागू नका. दुसरा कर्ज काढून पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावतो, टाय बांधायला शिकतो, आणि घरी आईशीही अर्धं इंग्रजी बोलू लागतो. माझं भांडण दोघांशीही आहे. पहिला आपल्या मुलांच्या हातातलं हत्यार काढून घेतो. दुसरा स्वतःच्या जिभेची लाज बाळगायला शिकतो.

पहिल्या मित्राला आपल्याच गावाची आठवण करून देतो. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेचं वसतिगृह सुरू झालं ते सोलापुरात. तिथे मुलांना फक्त जेवण आणि निवारा मिळाला असं नाही. वसतिगृहातले विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक काढत होते. ज्या समाजाला अक्षर बंद होतं, त्याची हायस्कुलात शिकणारी पोरं मासिक काढत होती! विचार लिहून मांडायचा, दुसऱ्याने वाचायचा, त्यावर बोलायचं. याला आजच्या कंपनीच्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

पुढे १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळात कामगारांना कुशल करणारी तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, जुलै १९५६ मध्ये, त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू पाहणाऱ्यांसाठी ट्रेनिंग स्कूल सुरू केलं. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. प्रकृती ढासळलेली, धम्मदीक्षेची तयारी चाललेली, आणि हा माणूस पंधरा जणांच्या वर्गाची काळजी वाहत होता. कायदेमंडळात जायचं तर तिथे उभं राहून बोलता आलं पाहिजे, त्याचे नियम माहीत पाहिजेत, हे त्यांनी ओळखलं होतं. नेता जन्मतो असं त्यांना वाटत असतं तर शाळा कशाला काढली असती? ती शाळा त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच बंद पडली. बाबासाहेबांच्या पुतळ्यांची संख्या आपण वाढवत नेली, त्या शाळेची दुसरी तुकडी मात्र आपल्याला काढता आली नाही.

आता दुसऱ्या मित्राकडे येतो. त्याला वाटतं, आपल्यात काहीतरी कमी आहे. एप्रिलमध्ये बुधवार पेठेत एक चक्कर मारून बघ म्हणावं. जयंती मंडळाचा पंचविशीतला अध्यक्ष पोलिसांची परवानगी काढतो, वर्गणीचा हिशेब ठेवतो, शंभर पोरांचं लेझीम महिनाभर बसवतो, मिरवणुकीत गर्दी आवरतो, दोन मंडळांत तणातणी झाली तर मध्ये पडून मिटवतो. समोरचा तेलुगू बोलला तर तेलुगू, कन्नड बोलला तर कन्नड, नाहीतर दखनी. याला नेतृत्व नाही तर काय म्हणायचं? पण हाच मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला गेला की मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर गप्प बसतो. बायोडेटामध्ये तो 'आवड : क्रिकेट' लिहितो. चाळीस हजारांची वर्गणी आणि तिचा पै-पैचा हिशेब लिहीत नाही, कारण लिहिलं तर जात कळेल अशी भीती.

भीती निराधार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. तिथे कुणी तोंड उघडलंच नव्हतं, मग कम्युनिकेशन कमी पडलं कसं? त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. सगळे मेरिटचं गुणगान करत होते, आणि त्यातले बहुतेक उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारणं महत्त्वाचं मानत होते. वडील काय करतात, घर कुठे आहे. त्या प्रश्नांचा कामाशी काय संबंध, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

म्हणजे 'कम्युनिकेशन' या एका शब्दात दोन गोष्टी कोंबलेल्या आहेत. एक खरं कौशल्य : मुद्दा थोडक्यात मांडणं, टिपणी लिहिणं, मीटिंगचं इतिवृत्त ठेवणं, रागावलेल्या माणसाचं शांतपणे ऐकणं, 'नाही' म्हणता येणं. दुसरी गोष्ट म्हणजे सदाशिव पेठेचा उच्चार आणि इंग्रजी शाळेची ऐट. पहिली शिकायची. दुसरीला कौशल्य म्हणायला नकार द्यायचा.

माझाच एक अनुभव. एका ठिकाणी नोकरीत असताना दोन दिवसांच्या लीडरशिप ट्रेनिंगला बसलो होतो. एका खेळात मी आणि दुसऱ्या एका सहकाऱ्याने एकच हरकत घेतली, जवळजवळ त्याच शब्दांत. ट्रेनरने त्याला 'कॉन्फिडंट' म्हटलं आणि मला 'जरा ॲग्रेसिव्ह'. जेवणाच्या सुट्टीत मी निघून जाणार होतो. गेलो नाही, हे बरं झालं. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रेनरने शिकवलं की अर्जात मागणी पहिल्या ओळीत लिहायची, कारणं नंतर. मी तोवर अन्यायाचा इतिहास आधी लिहायचो आणि मागणी दुसऱ्या पानाच्या तळाला. (आपल्या संघटनांची निवेदनं काढून बघा, बहुतेक तशीच असतात.) त्यानंतर माझे अर्ज परत यायचे कमी झाले.

नोकरीतून नेतृत्व घडतं याचा सर्वांत मोठा दाखला पुण्याचाच आहे. साठच्या दशकात तिथल्या संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. आवाज उठवला तो दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने, त्याला निलंबन सोसावं लागलं. साथ दिली डी. के. खापर्डे आणि कांशीराम यांनी. त्यातूनच पुढे ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ उभी राहिली. बामसेफचं बळ कशात होतं? केडर कॅम्पमध्ये. कारकून, शिक्षक, टपाल खात्यातली माणसं शनिवार-रविवार बसून शिकायची. हातातला एक पेन उभा-आडवा धरून जातिव्यवस्था समजावून सांगायची ती पद्धत कुठल्याही कंपनीच्या प्रेझेंटेशनपेक्षा लोकांच्या लक्षात राहिली.

तरीही फक्त आपली शिबिरं पुरेशी नाहीत. खरा प्रश्न कामाच्या वेळेत, मालकाच्या खर्चाने होणाऱ्या प्रशिक्षणाचा आहे. ट्रेनिंगला कोणाला पाठवायचं हे साहेब ठरवतो. त्या सर्टिफिकेटवरून पुढे बढतीच्या वेळी बोललं जातं. आरक्षणाने दारातून आत घेतलं, पण आतल्या जिन्याची पहिली पायरी म्हणजे ही यादी, आणि तिच्याकडे आपल्या कर्मचारी संघटनांचं लक्षच नाही. बिंदुनामावली तोंडपाठ असलेले पदाधिकारी मी पाहिले आहेत. प्रशिक्षणाला गेल्या वर्षी कोण गेलं, हे विचारणारा एकही भेटलेला नाही.

वास्तविक आधार आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण २०१२ मध्ये प्रत्येक खात्याने पगाराच्या तरतुदीच्या किमान २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवावी असं म्हटलं आहे, आणि जनतेशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना सॉफ्ट स्किलसह प्रशिक्षणात प्राधान्य द्यावं असंही. सोलापूर हे रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे. रेल्वे आणि टपाल खात्यातल्या आपल्या माणसांनी हे धोरण एकदा तरी वाचावं. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही असं आपण सरसकट म्हणतो, पण शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या कलम ३-अ नुसार अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ उमेदवारांच्या जागा राखून ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्यात खाजगी कारखानेही येतात. चिंचोळीच्या एमआयडीसीत त्या जागा किती आणि कोणाला मिळाल्या, याचा हिशेब मागायला कुणी अडवलेलं नाही.

सुरुवात माहिती अधिकारापासून करता येईल. सरकारी कार्यालयाला विचारा : गेल्या तीन वर्षांत किती कर्मचाऱ्यांना कोणत्या प्रशिक्षणाला पाठवलं, त्यांची वर्गवारी श्रेणीनुसार आणि प्रवर्गानुसार द्या, निवडीचे निकष द्या, झालेला खर्च द्या. नावं मागू नका. वैयक्तिक माहितीचं कारण देऊन अर्ज फेटाळायला तेवढं पुरतं. संख्या मागा. कारखान्यांच्या शिकाऊ जागांसाठी हाच अर्ज शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयाकडे करा. १० रुपयांचं शुल्क भरा आणि मागणी पहिल्या ओळीत लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. आलेले आकडे घेऊन रविवारी विहारात बसू, आणि त्या बैठकीचं इतिवृत्त मंडळातल्या सर्वांत गप्प मुलाला लिहायला देऊ.

जयभीम.