मढ्याला अवॉर्ड का नाही?

ज्या माणसाने साठच्या दशकात अख्ख्या तमिळनाडूला हसवलं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो मात्र रडवल्याबद्दल. नागेश. सिनेमा 'नम्मवर', साल १९९४, भूमिका मुलगी गमावलेल्या बापाची, पुरस्कार सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा. काम चोख आहे, त्याबद्दल वादच नाही. पण गंमत बघा, त्याच वर्षी 'मगळिर मट्टुम' नावाच्या सिनेमात नागेशने चक्क मढ्याचं काम केलं होतं. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर दोन्हींपैकी अवघड काम ते होतं!

"नागेश कोण?" असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. जन्म १९३३, धारापुरमकडचा, घरची भाषा कन्नड. मद्रासला रेल्वेत कारकून. नोकरी सांभाळून हौशी नाटकं. एका नाटकात पोटदुखीने कळवळणाऱ्या पेशंटचं एवढंसं काम केलं, समोर पाहुणे म्हणून साक्षात एमजीआर. त्यांनी कौतुक करून बक्षीस दिलं. अंगकाठी म्हणजे काडीपैलवान, चेहऱ्यावर देवीचे व्रण. हिरो होण्याची कुठलीही 'एलिजिबिलिटी' नाही. तरी के. बालचंदरने 'सर्व्हर सुंदरम' (१९६४), 'नीर्कुमिळी' (१९६५), 'एदिर नीच्चल' (१९६८) हे सिनेमे लिहिले ते ह्याला मध्यभागी ठेवून. एमजीआर आणि शिवाजी गणेशन म्हणजे दोन स्वतंत्र संस्थानं, पण नागेश दोन्हीकडे लागायचाच.

आणि नाव ऐकलं नसेल तरी नागेशला तुम्ही ओळखता. श्रीधरच्या 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) मध्ये हा सिनेमाचं वेड लागलेला श्रीमंत बापाचा मुलगा. बापाला भुताची गोष्ट ऐकवतो, तोंडानेच पार्श्वसंगीत देतो, आणि बाप (टी. एस. बालय्या) खुर्चीत घामाघूम. ह्याचा हिंदी रिमेक 'प्यार किये जा' (१९६६), तिथे मेहमूद आणि ओमप्रकाश. आणि त्यावरून आपला 'धूमधडाका' (१९८५), त्यात सिनेमावेडा मुलगा झाला लक्ष्या! मेहमूदने पुढे 'मैं सुंदर हूँ', 'लाखों में एक', 'दो फूल' असे नागेशचे आणखी तीन सिनेमे हिंदीत केले. म्हणजे बघा, सोर्स कोड नागेशचा, आपण वापरतोय पोर्ट केलेलं व्हर्जन.

मी चेन्नईला प्रोजेक्टवर असताना रूममेटने 'तिरुविळैयाडल' (१९६५) दाखवला. मला तमिळ येत नाही. राजाने एका शंकेच्या उत्तरासाठी हजार मोहरांचं बक्षीस लावलंय आणि धरुमी नावाचा दरिद्री कवी देवळात एकटाच देवाशी कुरकुरतोय. मग शिवाजी गणेशनच्या रूपात खुद्द शंकर प्रकट होतात आणि दोघांची प्रश्नोत्तरं सुरू. समोर देव आहे, देवाच्या भूमिकेत त्या काळचा सगळ्यात मोठा नट आहे, आणि नजर हटत नाही ती त्या धोतरातल्या फाटक्या कवीवरून. त्यात नुसता विनोद नाही, भूक आहे. हजार मोहरा हातच्या जातील ही भीती त्याच्या गुडघ्यांत दिसते. सबटायटल्स वाचायची मी विसरूनच गेलो.

आता पुन्हा मढ्याकडे. तीन बायका हॉस्पिटलमधून आपल्या बॉसचं समजून भलतंच प्रेत पळवतात. ते प्रेत म्हणजे नागेश. नटाची सगळी हत्यारं - डोळे, आवाज, संवाद - आधीच जप्त. उरलं काय? अंगाचं वजन कुठे आणि कधी सोडायचं, एवढंच. तेवढ्यावर माणूस थिएटर हसवतो! 'नम्मवर'मधल्या बापाला निदान कथेचं भांडवल आहे. मुलगी गेली म्हटल्यावर प्रेक्षक अर्धा आधीच रडलेला असतो. विनोदाला असली उधारी मिळत नाही. अर्ध्या सेकंदाने चुकलात की खेळ खलास.

पण आपल्याला हे काम वाटतच नाही. आयटीत प्रॉडक्शन सपोर्टवाल्याचं होतं तसंच. सगळं सुरळीत चालू असेल तर "हा करतो काय?" आणि बंद पडलं तर "हा करत काय होता?" अप्रेझलमध्ये स्टार मिळतात नवीन आर्किटेक्चरचं प्रेझेंटेशन देणाऱ्याला.

नागेशने पाट्या टाकल्या नाहीत असं नाही. इतके सिनेमे केले म्हटल्यावर त्याच त्या अंगविक्षेपांची कामंही आलीच. पण तो 'तिल्लाना मोहनांबाळ'मधला कारस्थानी वैदी होता, 'अप्पू राजा' नावाने हिंदीत आलेल्या सिनेमात थंड डोक्याचा खलनायकही होता. रेंज आधीपासून होती. आपण ती मोजायला १९९४ पर्यंत थांबलो.

आणि हे फक्त तमिळवाल्यांचं नाही बरं का. 'एक होता विदूषक' (१९९२) आला तेव्हाच आपल्यालाही साक्षात्कार झाला की लक्ष्याला अभिनय येतो. मग 'धूमधडाका'त तो काय करत होता, टाइमपास?

३१ जानेवारी २००९ ला नागेश गेला. त्याच्यावर लिहिताना बहुतेक जण आवर्जून म्हणतात, "तो नुसता विनोदी नट नव्हता." ह्यातल्या 'नुसता' ह्या शब्दावर माझा आक्षेप आहे. विनोदी नट होता म्हणा. पुरेसं आहे.