धैर्याचे मूळ

ऐतिहासिक कादंबरी लिहावयास बसले, की लेखणीला रणांगणाची ओढ लागते. घोड्यांच्या टापा आणि तलवारींचा खणखणाट यांनी पाने झटपट भरतात. तथापि अहिल्याबाई होळकरांचे चरित्र अभ्यासताना मला आपल्या या सवयीचा संकोच वाटू लागला.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. सासरे मल्हारराव यांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले आणि दौलतीच्या कारभारात घातले. वसुलीचे हिशेब, फौजेची रसद, तोफखान्याचा दारूगोळा, हे सर्व त्या शिकल्या. मल्हारराव मोहिमेवरून पत्रे लिहीत आणि बाई त्यांप्रमाणे कामे पार पाडीत.

१७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव निवर्तले. दौलत निराधार झाली असे समजून राघोबादादा फौजेसह माळव्यावर चालून आले. या प्रसंगी बाईंनी स्त्रियांचे पथक उभारल्याची कथा सांगतात. कादंबरीकाराला तिचा मोह पडावा, हे साहजिकच आहे. परंतु मला बाईंचे खरे धैर्य त्यांनी धाडलेल्या पत्रांत दिसते. साहाय्य कोणाकडे मागावे, पेशवे माधवरावांपुढे आपला हक्क कसा मांडावा, हे त्या जाणत होत्या. म्हणूनच त्या डगमगल्या नाहीत. लढाई न होताच दादासाहेब माघारी वळले.

अज्ञानातून आलेले धाडस वाळल्या गवताप्रमाणे क्षणभर भडकते. ज्ञानातून आलेले धैर्य समईप्रमाणे रात्रभर तेवते. १७९५ पर्यंत बाईंनी राज्य चालविले, ते या दुसऱ्या प्रकारच्या धैर्यावर.

काहीजण म्हणतात, अहिल्याबाई देवीच होत्या. सामान्य स्त्रीला ते कसे साधावे? या गौरवात भक्ती आहे, पण अन्यायही आहे. एखादीला देवी म्हटले, की तिने शिकण्यासाठी घेतलेले श्रम आपण विसरतो आणि आपल्या घरातील मुलीला शिकविण्याच्या कर्तव्यातूनही अलगद सुटतो.

स्त्रीच्या ठायी शक्ती असतेच. मल्हाररावांनी ती निर्माण केली नाही; त्यांनी फक्त सुनेच्या हाती दौलतीचे कागद दिले. ते दिले नसते, तर इतिहास एका थोर राज्यकर्तीस मुकला असता. असे कागद ज्यांच्या हाती कधी पडलेच नाहीत, अशा किती अहिल्या काळाच्या उदरात गडप झाल्या असतील, हा विचार मला कोणत्याही पराभवाहून अधिक अस्वस्थ करतो.

म्हणून मुलीला 'धीट हो' असे सांगण्यापूर्वी तिला जाणती होऊ द्यावे. धैर्य तिच्या मागोमाग आपोआप येईल.