बुरूज आणि बाकडी

चकल्यांचा घाणा तसाच कढईत सोडून मुलुंडच्या आमच्या आक्काने मला विचारले, "अरे, त्या गाडीतून डोके बाहेर काढावे लागते का?"

प्रश्न गाडीचा नव्हता, भाच्याचा होता. स्वारी यंदा यांत्रिक पायदळात भरती झाली. या पायदळाचे केंद्र नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. कसम परेडसाठी आम्ही कल्याणहून माळशेज घाटाने गेलो होतो. तेथील रणगाडा संग्रहालय सगळ्यांनी हौसेने पाहिले. आक्का मात्र प्रत्येक गाडीच्या झाकणाकडेच पाहत होती.

सैनिकांना वाहून नेणारी पट्ट्यांवरची चिलखती गाडी मुळात टॅक्सीसारखी. लढाईच्या तोंडाशी न्यायचे, उतरवायचे, मागे फिरायचे. अमेरिकेची एम-११३ घ्या. ॲल्युमिनियमची पेटी, चालवणारे दोघे, मागे बाकड्यांवर अकरा. वर एक मशीनगन आणि ती चालवणारा कमरेपर्यंत उघडा, आपल्या लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसासारखा! जानेवारी १९६३ मध्ये दक्षिण व्हिएतनामात आप बाक येथे असे निदान चौदा तोफची एका दिवसात मारले गेले. मग कोणी गनभोवती पोलादी पत्रे लावले. ऑस्ट्रेलियनांनी दोन मशीनगनांचा छोटा बुरूज बसवला. पुढे तर सॅलडिन नावाच्या चाकांच्या गाडीचा ७६ मिलिमीटर तोफेचा अख्खा बुरूजच उचलून एम-११३ च्या डोक्यावर ठेवला.

बुरूज म्हणजे काही नुसती टोपी नव्हे. तोफ फिरायची तर खाली फिरणारी बैठक हवी, दारूगोळ्याला जागा हवी. ती जागा जाते बाकड्यांची. दोन खोल्यांच्या घरात कपाट घेतले की पाहुण्यांचे अंथरूण कमी होते, तसेच हे. रशियाच्या बीएमपी-१ चा बुरूज एकट्या तोफचीचा. गाडीचा नायक खाली चालकाच्या पाठीमागे, तेथून बुरुजाआडचे त्याला दिसतच नसे. म्हणून बीएमपी-२ मध्ये ३० मिलिमीटरची शीघ्र तोफ आणि दोघांना पुरेल एवढा बुरूज आला. मागचे सैनिक आठाचे सात झाले. सौदा वाईट नाही, असे मला वाटते; उतरलेल्या सातांना पाठीमागून तोफेची सोबत मिळते. मेदकच्या कारखान्यात १९८७ पासून हीच गाडी 'सारथ' नावाने तयार होऊ लागली. आपले यांत्रिक पायदळ १९७९ चे. त्याआधी, १९७१ च्या युद्धात, चेकोस्लोव्हाकियाच्या टोपास गाड्या होत्या.

"म्हणजे हा आत असतो," आक्का म्हणाली. "आणि पत्रा जाड असतो."

बंदुकीची गोळी आणि तोफगोळ्याच्या ठिकऱ्या तो पत्रा अडवतो. रणगाड्याचा गोळा अडवत नाही. चौदा-एक टनांची गाडी, पाण्यावर तरंगायची, तिला जाड चिलखत कोठून परवडणार? शिवाय बुरुजाच्या काचांतून दिसते फार थोडे. चांगला नायक झाकण उघडून डोके बाहेर काढतोच. मी यातले पहिले वाक्य तेवढे बोललो.

"आणि डोक्याचे?" तिने पुन्हा विचारले. आक्कापुढे माझे लपवणे लहानपणापासून टिकलेले नाही.

"काढावे लागते," मी म्हणालो. "वेळ आली तर."

ती काही बोलली नाही. घाणा करपला होता. तो बाजूला काढून तिने सोऱ्या पुन्हा भरला.

"एका गाडीत एकंदर किती जण म्हणालास?"

"तिघे चालवणारे आणि सात. दहा."

रात्री पार्सल बांधताना तिने चकल्या मोजून दहा पुड्यांत घातल्या. अकरावी पुडी वेगळी, तिच्यावर भाच्याचे नाव.