पोपटी लावू या!

दोस्तांनो, जानेवारी उजाडला की रायगड जिल्ह्यात अलिबाग-पेणकडच्या शेतांतून संध्याकाळी धूर दिसू लागतो. आग लागलेली नसते बरं का! तिथं पोपटी लागलेली असते.

भात कापून झाला की त्याच शेतात वाल पेरतात. त्याच्या भरलेल्या हिरव्या शेंगा म्हणजे पोपटीचा जीव. कुणी शेंगा आणतं, कुणी बटाटे-रताळी, कुणी अंडी. आणि ज्याच्या घरी शेतच नाही, त्यानं काय आणायचं? भांबुर्ड्याचा पाला! बांधावर फुकट उगवणारं हे उग्र वासाचं रोप. पण ते नसेल तर कसली पोपटी! मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा नि बाकीचा ऐवज, तोंडाशी पुन्हा पाला गच्च. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. पाल्यातल्या नि शेंगांतल्या ओलाव्याचीच वाफ होते, तिच्यावर सगळं शिजतं. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवतात. (जाळाजवळ मोठं माणूस हवंच हं!)

आता खरी परीक्षा. अर्धा तास आत डोकावायचं नाही! मध्येच उघडलं की वाफ गेली, वाल कच्चे राहिले. तोवर गप्पा, भेंड्या, भुतांच्या गोष्टी. जाणती मंडळी मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्रर्र करून ते क्षणात सुकलं की झाली पोपटी.

केळीच्या पानांवर मडकं रितं होतं आणि एकच झुंबड उडते. ताटं नाहीत की वाढपी नाहीत. बोटं भाजतात, पण थांबतो कोण? पाला आणणारा तर सगळ्यांत पुढे!