यात मुस्लीम अँगल काय?

हिवाळ्यात नंदुरबार शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. लाल मिरची उघड्यावर, उन्हात वाळते. अवकाळी पाऊस आला की भिजते, काळी पडते. शेतातल्या पिकाचा पंचनामा तरी होतो. पथारीवर देठं खुडणाऱ्या बाईचा बुडालेला रोज त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हवामान आणि ऊर्जेवर लिहिणाऱ्या एका पत्रकाराला मी हे कळवलं. उत्तर आलं, "यात मुस्लीम अँगल काय?" माझं नाव वाचूनच हा प्रश्न सुचला, हे उघड आहे. मुसलमानाने फक्त मुसलमानांवरच बोलावं, हा नियम कुणी केला? पाऊस काय धर्म विचारून पथारी भिजवतो?

पण रागातली अर्धी गोष्ट आपल्यालाही लागू आहे. मोहल्ल्यात तणाव झाला की आपण दहा पत्रकारांना फोन करतो. विहीर आटली, वीज गेली, मजुरी बुडाली, तर एकालाही नाही. मग ते आपल्याला फक्त दंग्यातच ओळखणार.

कॅमेरे आपल्या जिल्ह्यात येतात, नाही असं नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा आले. सप्टेंबर 2010 मध्ये टेंभलीत पहिली आधार कार्डं वाटली, तेव्हा आले. काम झालं, गेले.

सातपुड्यातल्या आदिवासींनी मात्र जगाला ऐकायला लावलं. सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला. बुडणाऱ्यांनी नुसता आक्रोश केला नाही. कुणाची किती जमीन जाते, कुणाला मोबदला मिळाला नाही, हे ते वर्षानुवर्षं मांडत राहिले. जागतिक बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. 1992 मध्ये तिचा अहवाल आला आणि 1993 मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. धरण झालंच. पण मणिबेलीचं नाव कुणाला पुसता आलं नाही.

आपण जमीन ही अल्लाहची अमानत मानतो. अमानतीचा हिशेब ठेवावा लागतो. पाऊस कोणत्या तारखेला पडला, किती पोती भिजली, किती जणींचे किती रोज गेले, हे वहीत लिहा. ज्यांचं नाव द्यायचं त्यांना विचारून द्या. मग पत्रकाराला पाठवा, एकदा नाही, दहादा.

आणि पत्रकार महाशय, अँगल विचारताय ना? भिजलेल्या मिरचीसमोर रिकाम्या हाताने बसलेली बाई, हाच अँगल आहे. तिचं नाव सलमा आहे की सुमन, ते नंतर विचारा.